दाताखालची पारख

खालची कवळी पहिल्यांदा माझ्या तोंडातून निसटली ती भर बाजारात. शेजारी ताजी मासळी विकणारी बाई काहीतरी चावट बोलली, मी खदखदून हसले आणि खालचे सगळे दात माझ्या मांडीत येऊन पडले. कुणी बघायच्या आत मी वरून पदर टाकला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बोटांनीच दर दाखवायला लागले. त्या दिवसापासून मी बाजारात हसणं सोडलं.

मी मालवणची. सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे लिहायला वेळ लागतो, पण लिहिते. कणकवलीच्या आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुमच्यावर काय काय गुजरलं ते लिहून द्या. इथे बायका येतात आणि घाबरून परत जातात. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." ऐकतील की नाही ठाऊक नाही. मी स्वतः कुणाचं ऐकलं नव्हतं.

माझा धंदा

माझा धंदा सुक्या मासळीचा, सासूकडून आलेला. मे महिन्यात लोक पावसाळ्याची बेगमी करतात. सुके बांगडे, सुकी कोळंबी घरोघरी भरून ठेवली जाते, कारण पुढचे काही महिने होड्या किनाऱ्यावर आणि ताजी मासळी दुर्मीळ. म्हणून माल आतून सुकलेला लागतो. ओल राहिली तर ऐन पावसात त्याला बुरशी धरते.

खारवलेला बांगडा बाहेरून कडक दिसतो. बोटांनी दाबला तरी फसवतो, कारण मिठाने वरची कातडी आधी सुकते. ओल लपून राहते ती मधल्या काट्याजवळ, आणि ती कळते फक्त दाताखाली. सासूने मला शिकवलं ते एवढंच: डोक्यामागचा तुकडा मोड, काट्याकडची बाजू दाताखाली घे, चाव. कळतं कसं, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चावता चावता एक दिवस कळायला लागलं.

पुढे तीस वर्षं व्यापारी टेम्पो घेऊन आला की मी चावायची आणि बाकीच्या विक्रेत्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. मी "बरो आसा" म्हटलं की त्याही तोच माल घ्यायच्या. घरात माझं कुणी फारसं ऐकत नसे, पण बाजारात माझ्या दातांना मान होता.

सगळे काढावे लागतील

दात हलायला लागले तेव्हा मी मशेरी वाढवली. भाजलेल्या तंबाखूने हिरड्या घट्ट होतात असं आमच्याकडच्या पुष्कळ बायका मानतात. मीही मानायची. उशीवर रक्ताचे डाग पडायचे ते मी सकाळी उठून सगळ्यांच्या आधी धुवायची. तहान तर अशी लागायची की बाजारात पाण्याची कळशी जवळ घेऊन बसायची.

"डॉक्टराक दाखव गो," आमचे हे म्हणायचे. हे म्हणजे माझे यजमान. जन्मभर होडीवर गेलेले, आता गुडघ्यांमुळे घरी.

"दातांनी कोण मरता?" मी उलट विचारायची.

शेवटी एका बाजूचा गाल सुजून डोळा बंद झाला तेव्हा ह्यांनी मला एसटीत घालून कणकवलीला नेलं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी तोंडात पाहिलं आणि दातांचं काही बोलायच्या आधी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो मधुमेहाचा. बाई समोर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काकू, साखर खूप वाढली आहे. ती कधीपासून आहे सांगता येत नाही. तिने हिरड्या आणि हाड दोन्ही खाल्लं. वरचे, खालचे, सगळे दात काढावे लागतील."

ऑफिसात, दवाखान्यात मी शाळेतलं मराठी बोलते. तसंच विचारलं, "मग मला चावता येईल?"

"कवळी बसवू. जेवाल व्यवस्थित."

मला जेवणाचं विचारायचं नव्हतं. पण सुका बांगडा दाताखाली कसा कळतो ते त्या बाईंना कसं समजावणार?

परतीच्या एसटीत बसण्याआधी ह्यांनी डेपोसमोर फुटाण्यांची पुडी घेतली आणि माझ्या हातात ठेवली. एका बाजूने गाल ठणकत होता, तरी दुसऱ्या बाजूने मी मालवण येईपर्यंत एकेक फुटाणा चावत आले. परत कधी चावायला मिळतील कुणास ठाऊक, असं वाटत होतं. हे खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे मला रडायला मोकळीक.

पाण्यावरची होडी

साखर थोडी खाली आल्यावर दात काढले, चार-पाच खेपांत. मग कवळ्या आल्या. वरची छान बसली. खालची पहिल्या दिवसापासून वैरीण.

बाईंनी समजावलं ते सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखं स्वतःला दोष देत बसणार नाही. वरच्या कवळीला टाळूची मोठी जागा मिळते, ती तिथे चिकटते. खालची असते घोड्याच्या नालेसारखी. मध्ये जीभ, बाजूला गाल, दोघं तिला ढकलतात. तिला आधार फक्त हाडाच्या कडेचा, आणि माझी कड झिजून सपाट झालेली. त्यामुळे घास डावीकडे घेतला की उजवीकडून उठायची, बोलायला लागले की पुढून उठायची. चिकटवायची पेस्ट लावली तर सकाळच्या चहापर्यंत टिकायची. खाली फोड यायचे, ते फुटायचे, त्यावर मीठ लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आणि माझा धंदा मिठाचाच.

मी सगळ्यांना वाढून झाल्यावर मागच्या पडवीत एकटी जेवायला लागले. कवळी काढून वाटीत ठेवायची आणि पेज प्यायची, नाहीतर आमटीत भात कालवून गिळायचा. चहात बिस्किटं बुडवायची. मऊ ते सगळं साखर वाढवणारं, हे कळत होतं. दुसरं खाता येत नव्हतं. साखर चढली की फोड भरायचे नाहीत, फोड भरले नाहीत की पुन्हा पेजच.

एकदा हे पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. मी तोंड फिरवलं.

"तू माझ्यावांगडा कित्याक जेवणस नाय?"

"माका भूक नसता."

"भूक नाय आणि हयसर बसान काय करतंस?"

मी ओरडले त्यांच्यावर. काय बोलले ते लिहीत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हे समुद्रावर नसतील तेव्हा सोडून आम्ही एका पंगतीला जेवत होतो. नवऱ्याने मला बोळकं तोंड घेऊन पेज ओरपताना बघू नये, एवढंच मला हवं होतं. ते गेले आणि पुन्हा कधी दारात आले नाहीत. मला तेच हवं होतं, आणि तेच फार लागलं.

मी गिळला तो तुकडा

आता माझी चूक. ही मी डॉक्टरीणबाईंनाही फार उशिरा सांगितली.

दोन हजार पाचचा मे महिना. व्यापारी नवीन होता, दक्षिणेकडून माल घेऊन आलेला. नेहमीसारख्या सगळ्या बायका जमल्या. त्याने बांगडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मी तुकडा तोंडात घातला आणि दात मिटले, तर खालची कवळी उठली. तुकडा तिच्या खाली गेला आणि नेमका फोडावर रुतला. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या बघत होत्या. मी जबडा दोन-चार वेळा उगाच हलवला, तुकडा तसाच गिळला आणि म्हटलं, "बरो आसा."

माझ्या शब्दावर पाच जणींनी माल घेतला.

पाऊस लागल्यावर एकेक गिऱ्हाईक यायला लागलं. देवबागची एक बाई, वर्षानुवर्षं माझ्याकडूनच घेणारी, प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत पांढरी बुरशी धरलेले बांगडे. तिचा सासरा वयस्कर, त्याला ते खाऊन उलट्या झाल्या होत्या, दोन दिवस सलाईन लावावं लागलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काकी, तुम्ही चाबून घेतास म्हणान आम्ही डोळे झाकून घेतांव," आणि निघून गेली.

ज्या पाच जणींनी माल घेतला होता, त्या मला काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला टेम्पो आला तेव्हा त्यांनी आपापला बांगडा आपण मोडून बघितला. माझ्या तोंडाकडे कुणी पाहिलं नाही.

दोन स्क्रू

माझी सून दर्शना. सावंतवाडीची, सुक्या मासळीच्या वासाने सुरुवातीला नाकाला पदर लावणारी. आमचं फारसं पटत नव्हतं. देवबागची बाई येऊन गेली त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगून टाकलं. ह्यांना सांगायची हिंमत नव्हती आणि कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नव्हतं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून तयार. "आये, चला, कणकवलेक जावया."

डॉक्टरीणबाईंनी इम्प्लांटचं सांगितलं. खालच्या हाडात दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांवर बटणासारखी लावायची. बसवणारे मोठे डॉक्टर कोल्हापूरहून महिन्यातून दोनदा यायचे. खर्च मोठा होता, तो मुलाने केला. त्यावर इथे लिहीत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या जबड्याचा फोटो उजेडापुढे धरला. मी विचारलं, "चावायची दाढ मागे असते, मग स्क्रू मागे का नाही?"

ते हसले नाहीत, म्हणून मला आवडले. म्हणाले, "मागे तुमचं हाड फार कमी उरलंय आणि तिथून ओठाची नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होईल. पुढे हनुवटीजवळ हाड चांगलं आहे. दोन्ही सुळे होते ना, साधारण तिथे एकेक बसवू. फार जवळजवळ बसवले तर कवळी डुलेल. आणि आधीच सांगतो, दोनच आहेत, त्यामुळे मागे चावताना ती थोडी दबेल. समोरच्या दातांनी काही तोडायला गेलात तर मागून उचलेल. तोडायचं ते सुळ्याजवळ न्यायचं."

"पण साखर खाली आल्याशिवाय हात लावणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मशेरीही बंद."

मशेरी सोडणं ऑपरेशनपेक्षा कठीण गेलं, हे खरं सांगते. डोकं दुखायचं, सगळ्यांवर चिडायची. दर्शना माझ्यासाठी नाचणीची पातळ आंबील आणि काटे काढून अगदी बारीक केलेला मासा करायला लागली. सकाळी किनाऱ्यावर चालायला जायची तर हे काठी टेकत बरोबर यायचे. त्यांचे गुडघे दुखत होते. तरी ते यायचे. साखर खाली यायला सहा महिन्यांच्या वर गेले.

ऑपरेशनला तोंड बधिर करतात, दुखत नाही. आवाजाची मात्र तयारी ठेवा. तो कानाने ऐकू येत नाही, आपल्याच हाडातून येतो. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, "आता पाणी येईल. आता दाब येईल." त्या सांगण्याचा फार आधार होता. उजवा स्क्रू ठरल्या जागी बसला. डावीकडे डॉक्टर थांबले. हाड नरम निघालं. दोघं हळू बोलले, मला वाटलं संपलं. मग डावा थोडा मधल्या बाजूला सरकवून बसवला.

बाहेर आले तेव्हा हे बाकावर बसले होते, छत्री मांडीवर आडवी धरून. दिवस थंडीचे होते, छत्री कशाला आणली होती देव जाणे.

तिच्या तोंडाने

स्क्रू हाडात रुजायला काही महिने द्यावे लागतात. सुरुवातीला खालची कवळी लावायचीच नाही, नंतर आतून मऊ करून देतात, पण कडक काही चावायची सक्त मनाई. त्यातच मे महिना आला.

"ह्या वर्षी बसूया नको," मुलगा म्हणाला.

मी काही बोलायच्या आधी दर्शना म्हणाली, "मी चाबतंय. आये, तुम्ही माका सांगा."

सांगा म्हणजे काय सांगू? जे मला कुणी शब्दात सांगितलं नव्हतं, ते मी कुठून आणू? घरातल्या जुन्या मालातले दोन बांगडे घेतले, एक मुद्दाम ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तिने पहिला चावला आणि तोंड वाकडं केलं.

"थुकू नको. काय लागता ता सांग."

"खारट."

"ता सगळ्यांका कळता. दाताक चिकटता काय?"

तिने पुन्हा चावला. "चिकटना नाय. मोडता."

"आता दुसरो."

बराच वेळ ती चावत राहिली. मग हळूच म्हणाली, "आये, ह्यो थंड लागता. काट्याकडे."

थंड. तीस वर्षं मला तेच लागत होतं आणि त्याला नाव नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग आठवडाभर आम्ही दोघी तेच करत होतो. ती चावायची, मी विचारायची, आणि तिच्या उत्तरातून मला माझंच ज्ञान कळत होतं. त्या मेमध्ये तिने एक माल परत पाठवला, दोन घेतले. पावसात एकही पिशवी परत आली नाही.

टक

कवळी बसली त्या दिवशी 'टक' असा आवाज झाला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता जिभेने ढकलून बघा." ढकललं. हलली नाही. मी परत परत ढकलत राहिले, शेवटी त्याच म्हणाल्या, "पुरे काकू, जीभ दुखेल."

घरी दर्शनाने तांदळाची भाकरी आणि तळलेला बांगडा केला. मी दोन ताटं घेतली आणि माजघरात ह्यांच्या शेजारी बसले. त्यांनी सरकून जागा दिली. पहिला घास डॉक्टरांनी सांगितलं तसा सुळ्याजवळ नेला. भाकरी तुटली. मग मागे नेला, चावला, गिळला. दुसरा. तिसरा. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी खात होते.

"हळू खा गो," हे म्हणाले, "पळान जावचो नाय बांगडो." आणि त्यांनी आपल्या ताटातला पोटाकडचा तुकडा काढून माझ्या ताटात ठेवला.

डावा स्क्रू मधल्या बाजूला असल्यामुळे डावीकडे मागे चावलं की कवळी अजून किंचित डुलते. मी उजवीकडेच जास्त चावते. कवळीच्या आतल्या बटणांचं रबर झिजतं, ते बदलावं लागतं. स्क्रूभोवती रोज ब्रश फिरवावा लागतो, आळस केला की हिरडी सुजते. साखरेवर नजर जन्मभर. हे सगळं आहे. पण मी भाकरी खाते, कडधान्य खाते, बाजारात पुन्हा हसते. इतकं मिळेल असं मला त्या पडवीत बसून कधी वाटलं नव्हतं.

पुढचा मे

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून मी तुम्हाला सांगते.

पुढच्या मेमध्ये टेम्पो आला तेव्हा मी माझ्या जागी बसले. बायका पुन्हा जमल्या होत्या. व्यापाऱ्याने बांगडा मोडून दिला. मी तो उजवीकडे सुळ्याजवळ नेला, चावला. कवळी जागची हलली नाही. तुकडा मोडला, आवाज चांगला आला. दोन वर्षांनंतर मी मोठ्याने म्हटलं, "बरो आसा."

दर्शनाने शेजारून हात पुढे केला आणि एक तुकडा घेतला. चावत राहिली. मान खाली.

"आये," ती हळू म्हणाली, "परत एकदा चाबून बघा."

मी परत चावला. काट्याकडची बाजू, सावकाश, डोळे मिटून. मोडत होता. खारट लागत होता. थंड लागत होता का? मी शोधत राहिले. हिरडीवर प्लास्टिक होतं, टाळूवर प्लास्टिक होतं, खाली दोन स्क्रू घट्ट उभे होते, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे तो बांगडा थंड होता की नाही, ते मला समजत नव्हतं.

व्यापारी हसला. "काकीन बरो म्हटल्यान. मगे आता सून काय वेगळा सांगतली?"

दर्शनाने चावणं थांबवलं. ती माझ्याकडे बघत होती. मला उमगलं, ती मला लोकांसमोर खोटं पाडणार नाही. मी "बरो" म्हटलं तर ती माल घेऊ देईल.

बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी तो तुकडा तोंडातून काढून हातावर घेतला.

"माका कळाक नाय," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिका कळला. ह्यो माल नको."

व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. दर्शनाने बांगडा काट्यापासून उभा फाडला. आत बोट फिरवलं तर ओल बोटाला लागली. तिने ते कुणाला दाखवलं नाही, तसाच बाजूला ठेवला. मग दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं, एक बांगडा काढला, डोक्यामागचा तुकडा मोडून त्याचे दोन भाग केले. एक माझ्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात घातला.

"आये, दोघां मिळान बघया," ती म्हणाली.

मी चावायला लागले, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.